घरात २३०, कंडेन्सरवर ४४०

छताच्या पंख्याचा कंडेन्सर गेला की वायरमन दुकानातून दुसरा आणून जोडतो आणि पाच मिनिटांत पंखा फिरायला लागतो. त्या प्लास्टिकच्या डबीवर दोन आकडे छापलेले असतात, २.५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट एसी. पहिला आकडा तो नीट बघून घेतो, कारण त्यात गफलत झाली तर पंखा मरगळल्यासारखा फिरतो, नाहीतर तापतो. दुसऱ्या आकड्याकडे सहसा कुणी पाहत नाही. घरात वीज येते २३० व्होल्टची, मग डबी ४४० ची कशाला? ‘सेफ्टी म्हणून जास्तीचं ठेवलंय’ असं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण निम्मंच खरं आहे.

पंख्याच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात. रनिंग वाइंडिंग थेट २३० व्होल्टवर असतं. स्टार्टिंग वाइंडिंगच्या सिरीजमध्ये हा कंडेन्सर असतो आणि ती जोडी मिळून २३० व्होल्टवर बसते. ५० हर्ट्‌झच्या सप्लायला २.५ मायक्रोफॅरडचा अडथळा, म्हणजे त्याचा रिअॅक्टन्स, १२७३ ओहम भरतो. त्यातून ०.२२ अँपिअर करंट जातो असं धरलं, तर गुणाकार येतो २८० व्होल्ट. म्हणजे २३० ची वाटणी झाली आणि एकाच भागीदाराच्या पदरात २८० पडले. वडिलोपार्जित दहा एकर दोघा भावांत वाटले आणि एकाच्या सातबाऱ्यावर बारा एकर लागले, असा हा मामला. तलाठी तो चालू देणार नाही. सर्किटमध्ये तो रोज चालतो. (फिरत्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये आपसूक तयार होणारं व्होल्टेजही यात मिसळलेलं असतं. त्यामुळे हिशेब मी सांगितला त्यापेक्षा थोडा गुंतागुंतीचा आहे, पण निष्कर्ष बदलत नाही.) डबीवरचा ४४० हा आकडा या २८० च्या वर ठेवलेला आहे, २३० च्या वर नव्हे.

व्होल्टेजच्या वाटणीचा धडा आपण रेझिस्टरवर शिकतो. दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, ज्याचा ओहम मोठा त्याला व्होल्ट जास्त, आणि दोन्ही वाट्यांची बेरीज सप्लायइतकी. हा नियम इतका सरळ आहे की पुढे कपॅसिटर आणि कॉइल आल्या तरी डोक्यात तोच राहतो. परीक्षेत रिअॅक्टन्सचं सूत्र लावून उत्तर काढता येतं, मार्कही मिळतात. मात्र हातात मल्टिमीटर घेऊन प्रत्यक्ष पाट्यांवर आणि वायरींवर मोजायला लागलं की आकडे जुळत नाहीत आणि मीटर खराब आहे असं वाटू लागतं. मीटर बहुधा ठीक असतो. कागदावरच्या सर्किटात न काढलेला एखादा भागीदार वाटणीला बसलेला असतो. कधी तो सप्लायची फ्रिक्वेन्सी असते, कधी कपॅसिटरमधली बारीक गळती, कधी आजूबाजूची हवा, आणि पुष्कळदा तो मीटर स्वतःच असतो. हे पुस्तक त्या न काढलेल्या भागीदारांविषयी आहे. सूत्रं त्यात आहेत, पण ती दीड पानात संपतात.

आधी बेरीज का चुकते ते पाहू. एलईडी येण्याआधी घराघरात पट्टीवर बसवलेली ट्यूब असे, तिच्या सिरीजमध्ये लोखंडी पत्र्याचा जड चोक. ३६ वॅटची नळी पेटल्यावर तिच्या दोन टोकांत साधारण १०३ व्होल्ट पडतात. उरलेले १२७ चोकवर असतील असं कुणीही सांगेल. चोकवर मीटर लावला तर तो १९५ च्या आसपास दाखवतो. १०३ आणि १९५ मिळून २९८ होतात. चूक कुठेच नाही. नळीवरचं व्होल्टेज ज्या क्षणी कळसाला असतं, त्या क्षणी चोकवरचं जवळपास शून्यावर असतं. चोकचं कळसाला असताना नळीचं शून्याजवळ. दोघांचे कळस वेगवेगळ्या वेळी येतात आणि मीटर फक्त उंची सांगतो, वेळ सांगत नाही. कोणत्याही एका क्षणी दोघांची बेरीज सप्लायच्या त्या क्षणाच्या व्होल्टेजइतकीच भरते. चोक आदर्श असता तर काटकोन त्रिकोणाच्या हिशेबाने त्याच्यावर २०६ व्होल्ट आले असते, कारण १०३ आणि २०६ च्या वर्गांची बेरीज २३० च्या वर्गाजवळ जाते. प्रत्यक्षात चोकच्या तारेला स्वतःचा रेझिस्टन्स असतो, पत्रे थोडे तापतात, म्हणून आकडा खाली येतो. नळीवरची लाट नितळ साइन नसते हेही खरं. तरी अदमास बरोबर येतो.

कॉइलमध्ये व्होल्टेज करंटच्या पाव फेरा पुढे असतं, कपॅसिटरमध्ये पाव फेरा मागे. दोघं एकाच करंटवर सिरीजमध्ये असले की त्यांची व्होल्टेजं एकमेकांच्या बरोबर उलट पडतात, आणि त्यांची बेरीज म्हणजे खरं तर वजाबाकी होते. शंभरातून नव्वद वजा केले तर दहाच उरतात, आणि सप्लायला तेवढेच दहा पुरवायचे असतात. शंभर आणि नव्वद मात्र त्या दोघांच्या टोकांवर खरेखुरे असतात. हात लावला तर शॉक बसेल इतके खरे.

उंची आणि वेळ या दोन्ही गोष्टी एकाच संख्येत मांडायची युक्ती १८९३ सालची आहे. त्या वर्षी शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी एसी सर्किटचा हिशेब उणे एकच्या वर्गमूळाच्या साहाय्याने कसा करायचा ते मांडलं. त्याच वर्षी आर्थर केनेली यांचा इम्पिडन्सवरचा निबंधही आला होता. इम्पिडन्स ही कल्पना त्याआधी काही वर्षं ऑलिव्हर हेवीसाइड यांनी दिलेली. तोवर एसीचं प्रत्येक सर्किट म्हणजे एक डिफरन्शियल इक्वेशन सोडवण्याचा खटाटोप असे. स्टाइनमेट्झ यांच्या पद्धतीने रेझिस्टरचा तोच जुना वाटणीचा नियम जसाच्या तसा परत आला, फक्त ओहमच्या जागी इम्पिडन्स लिहायचा. ‘काल्पनिक संख्या’ या नावाने विद्यार्थी उगाच बिचकतात. तिच्यात काल्पनिक काही नाही. करंटच्या बरोबरीने चालणारा भाग एका खात्यात आणि पाव फेरा पुढे-मागे असणारा दुसऱ्या खात्यात लिहायचा, एवढंच ते जमाखर्चाचं तंत्र आहे.

रेग्युलेटरचं उदाहरण इथे सांगून टाकतो, कारण त्यात पैशांचा प्रश्न आहे. जुन्या लाकडी बोर्डवर पंख्याचा रेग्युलेटर म्हणून एक भलाथोरला डबा असे, त्यात रेझिस्टन्सची तार. पंख्याला १६५ व्होल्ट द्यायचे तर उरलेले ६५ व्होल्ट त्या डब्यात जिरवायचे. पाव अँपिअरला १६ वॅट नुसती उष्णता. हल्लीच्या स्टेप रेग्युलेटरमध्ये त्या जागी कपॅसिटर असतात. पंखा आपल्या कंडेन्सरसकट बऱ्यापैकी रेझिस्टरसारखा वागतो, म्हणून पंख्यावर १६५ हवे असतील तर कपॅसिटरवर सुमारे १६० व्होल्ट पडू द्यावे लागतात. अंकांची बेरीज ३२५ होते, आणि कपॅसिटर जवळजवळ काहीच खात नाही. थंड राहतो म्हणून तर तो स्विचच्या खाचेत मावतो.

आता नुसते कपॅसिटर घेऊ. १ आणि ३ मायक्रोफॅरडचे दोन सिरीजमध्ये जोडून त्यावर ४०० व्होल्ट दिले. रेझिस्टरची सवय असलेला माणूस तीनला तीनशे देऊन मोकळा होतो. होतं उलट. दोघांवर चार्ज सारखाच बसतो, ३०० मायक्रोकूलंब. आणि तेवढा चार्ज मावायला लहान कपॅसिटरला ३०० व्होल्ट लागतात, मोठ्याला १०० पुरतात. लहानाला मोठा वाटा. या वाटणीत फ्रिक्वेन्सीचा संबंधच येत नाही, ती ५० हर्ट्‌झला जी तीच ५० किलोहर्ट्‌झला, आणि म्हणून कपॅसिटरचा डिव्हायडर मोजमापाच्या कामात फार मोलाचा आहे.

डीसीवर मात्र हा नियम हळूहळू गळून पडतो. कारखान्यातल्या मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये ४१५ व्होल्ट थ्री-फेज सप्लाय रेक्टिफाय होऊन सुमारे ५८७ व्होल्ट डीसी तयार होते. इतक्या व्होल्टेजचा एकच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सहज मिळत नाही, म्हणून ४०० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये टाकतात. दोन्हींवर ४७० मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं, पण वीस टक्के इकडेतिकडे चालतं. एक २० टक्क्यांनी वर आणि दुसरा तितकाच खाली निघाला तर चालू करताक्षणी वाटणी २३५ आणि ३५२ अशी होते. अजून निभावतं. पुढचे काही तास मायक्रोफॅरड मागे पडतात आणि कपॅसिटरमधून होणारी गळती सूत्रं हातात घेते. ज्याची गळती कमी त्याच्यावर व्होल्टेज चढत जातं आणि एक दिवस तो फुगतो. म्हणून प्रत्येकाला पॅरलल एकेक रेझिस्टर देतात, समजा ४७ किलोओहमचा. प्रत्येकी जवळपास दोन वॅट फुकट जातात, पण मग वाटणी गळतीच्या लहरीवर राहत नाही, रेझिस्टर ठरवतात. दुरुस्तीला आलेल्या ड्राइव्हमध्ये फुगलेला कपॅसिटर बदलायचा आणि जळून तुटलेला तो रेझिस्टर तसाच ठेवायचा, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण त्या रेझिस्टरला दिलं आहे.

कॉइलचंही असंच. चालू करताक्षणी वाटणी हेन्रीच्या प्रमाणात, डीसीवर स्थिरावल्यानंतर तारेच्या रेझिस्टन्सच्या प्रमाणात. एक फरक मोठा आहे. दोन कपॅसिटर एका पाटीवर शेजारी असले तरी एकमेकांच्या कामात फारसे येत नाहीत. दोन कॉइल शेजारी आल्या की एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं आणि सुटी वाटणी संपते. एकाच गाभ्यावर गुंडाळून मध्येच टॅप काढला तर जे तयार होतं ते ऑटो ट्रान्सफॉर्मर. लॅबमधला गोल, वर नॉब असलेला डिमरस्टॅट म्हणजे हाच डिव्हायडर. त्याची वाटणी वेढ्यांच्या संख्येवर ठरते आणि लोड लावल्यावर फारशी बसत नाही. कपॅसिटरच्या डिव्हायडरला लोड लावा, तो लगेच मान टाकतो.

हे मान टाकणं मीटरच्या बाबतीत कसं दिसतं ते प्रत्येक वायरमनला ठाऊक असतं, कारण माहीत असो वा नसो. पाइपातून फेज, न्यूट्रल आणि तिसरी एक रिकामी तार गेली आहे. रिकामी तार दोन्हीकडे सुटी आहे. तिच्यावर आणि न्यूट्रलवर डिजिटल मीटर लावला की शंभराच्या वर व्होल्ट दिसतात. कुठून आले? रिकाम्या तारेत आणि फेजमध्ये एक कपॅसिटर आहे, तो कुणी बसवलेला नाही. दोन तारा जवळून गेल्या की तो होतोच. तसाच दुसरा रिकाम्या तारेत आणि न्यूट्रलमध्ये. दहा मीटर पाइपात प्रत्येकी ५०० पिकोफॅरड धरले तर मधल्या तारेला निम्मे, ११५ व्होल्ट मिळतात. मीटर स्वतः १० मेगाओहमचा, म्हणून तो ही वाटणी फार बिघडवत नाही आणि ११० च्या आसपास दाखवतो. त्याच जागी होल्डरमध्ये झीरोचा बल्ब लावून पाहिला तर तो लुकलुकतही नाही. १५ वॅटच्या दिव्याचे साडेतीन हजार ओहम तीन मेगाओहमपेक्षा जास्त रिअॅक्टन्सच्या पुढे काहीच नाहीत. त्याच्या वाट्याला पाव व्होल्टही धड येत नाही. जुने मिस्त्री अजूनही मीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवतात आणि तरुण इंजिनिअर त्यांना हसतात. या एका बाबतीत मी मिस्त्रींच्या बाजूचा आहे.

उलट बाजूही आहे. डेस्कटॉप काँप्युटरच्या पत्र्याच्या डब्याला उघड्या पायांनी उभं राहून हात लावला की बोटांना मुंग्या येतात, तेव्हा ‘काही नाही, इंडक्शन आहे’ असं सांगून वेळ मारून नेली जाते. त्या डब्यातल्या पॉवर सप्लायमध्ये फेज ते डबा आणि न्यूट्रल ते डबा असे दोन लहान कपॅसिटर मुद्दाम बसवलेले असतात, खरखर बाहेर जाऊ नये म्हणून. ते अर्थिंग आहे असं गृहीत धरून बसवलेले असतात. भिंतीतल्या सॉकेटची अर्थ पिन नुसती शोभेची असली की डबा त्या दोघांच्या मध्यावर लटकतो, पुन्हा ११५ व्होल्टवर. प्रत्येकी २.२ नॅनोफॅरड असतील तर स्पर्श केल्यावर अंगातून ०.१६ मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाऊ शकतो. जीव जाण्याइतका नाही, जाणवण्याइतका आहे. दुखणं त्या ०.१६ चं नाही. ज्या दिवशी आत खरोखरच फेज डब्याला टेकेल, त्या दिवशीही अर्थिंग नसणारच आहे, आणि मुंग्यांची तोवर सवय झालेली असेल.

ऑसिलोस्कोपच्या दहापट प्रोबवर एक बारीक स्क्रू असतो, तोही याच घराण्यातला. प्रोबमध्ये ९ मेगाओहम, स्कोपच्या तोंडाशी १ मेगाओहम, म्हणजे दहावा हिस्सा. पण केबलला आणि स्कोपच्या तोंडाला काही पिकोफॅरड असतातच. फ्रिक्वेन्सी वाढली की वाटणी रेझिस्टरच्या हातून कपॅसिटरच्या हाती जाते, आणि दोन्ही वाटण्या एकच नसतील तर चौकोनी लाटेचे कोपरे एकतर गोलावतात नाहीतर शिंगासारखे वर येतात. स्क्रू फिरवून वरच्या आणि खालच्या भागातला ओहम गुणिले फॅरड हा गुणाकार सारखा करायचा, मग डीसीपासून वरपर्यंत दहावा हिस्सा दहावाच राहतो. नवा प्रोब जोडला की स्कोपवरच्या १ किलोहर्ट्‌झच्या चौकोनी लाटेवर हे काम अर्ध्या मिनिटात होतं. न करता महिनोन्‌महिने मोजमापं घेणाऱ्या प्रयोगशाळा काही कमी नाहीत.

आता विषय मोठ्या व्होल्टेजकडे नेतो. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. ४०० केव्हीच्या सबस्टेशनमध्ये लाइनच्या प्रत्येक तारेखाली चिनी मातीचा एक उंच, कड्याकड्यांचा खांब उभा असतो आणि त्याच्या बुडाशी लोखंडी टाकी. हा सीव्हीटी, कपॅसिटर व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर. तारेवर जमिनीच्या तुलनेत २३१ हजार व्होल्ट. मीटर आणि रिले यांना हवेत ६०-६५ व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजला टिकणारं वाइंडिंग करणं महाग पडतं, म्हणून आधी खांबातल्या कपॅसिटरच्या चळतीने व्होल्टेज खाली आणायचं, मग टाकीतल्या लहान ट्रान्सफॉर्मरने उरलेलं काम करायचं.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चळत एकूण ४४०० पिकोफॅरडची आहे आणि टॅपवर २० हजार व्होल्ट हवेत असं धरू. वरचा कपॅसिटर सुमारे ४८०० पिकोफॅरडचा येतो, खालचा सुमारे ५०,८०० चा. लहानाला मोठा वाटा, त्यामुळे २११ हजार व्होल्ट वरच्याने पेलले. चळतीतून सतत ०.३२ अँपिअर वाहत राहतो. आता टॅपला १०० व्होल्ट-अँपिअरचं ओझं जोडलं, म्हणजे ५ मिलिअँपिअर काढले. टॅपकडून पाहिलं तर दोन्ही कपॅसिटर पॅरलल दिसतात. त्यांचा मिळून रिअॅक्टन्स सुमारे ५७ हजार ओहम. ५ मिलिअँपिअरला त्यात २८६ व्होल्ट पडतात. वीस हजारात २८६ म्हणजे दीड टक्कादेखील नाही, आणि तेही काटकोनात पडतात म्हणून उंचीत जवळपास काहीच फरक दिसत नाही. मीटर वीस हजारच दाखवेल. बिघडते ती वेळ. व्होल्टेज ४९ मिनिटांनी सरकतं. ही घड्याळाची मिनिटं नव्हेत, एका अंशाची साठ मिनिटं असतात ती. ०.२ क्लासच्या सीव्हीटीला १० मिनिटांचीच मुभा असते. लाइनीतून ५०० मेगावॅट ०.९ पॉवर फॅक्टरने जात असतील तर एवढ्या सरकण्याने वीज मोजण्यात ०.७ टक्क्याची चूक होते, म्हणजे साडेतीन मेगावॅट, दिवसरात्र. बिल करणाऱ्याला व्होल्टेज बरोबर दिसतंय, करंट बरोबर दिसतोय, आणि युनिटं चुकलेली.

उपाय म्हणून टॅप आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये एक कॉइल घालतात, जिचा रिअॅक्टन्स ५० हर्ट्‌झला त्या ५७ हजार ओहमइतकाच असतो. पंख्यात ज्या वजाबाकीने जादा व्होल्ट निर्माण केले, तीच इथे अडथळा नाहीसा करते. उरतो तो फक्त तारेचा रेझिस्टन्स. कपॅसिटरचा मऊ डिव्हायडर एकाएकी ताठ होतो आणि ओझं पेलतो. मात्र ५० हर्ट्‌झलाच. लाइनीवरचे हार्मोनिक सीव्हीटीवरून मोजू गेलात तर आकडे भलतेच निघतात, आणि लाइनीवर फॉल्ट होऊन व्होल्टेज धाडकन कोसळतं तेव्हा सीव्हीटीचं आउटपुट तितक्या झटक्यात खाली येत नाही. डिस्टन्स रिले बसवणाऱ्यांना त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. शिवाय ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा आणि ही कपॅसिटरची चळत यांच्यात फेरोरेझोनन्स नावाचं धिंगाणा घालणारं दोलन सुरू होऊ शकतं, म्हणून टाकीत ते मारणारं एक सर्किट आणखी असतं. या एका यंत्रात पुस्तकातली बहुतेक प्रकरणं एकत्र आली आहेत. म्हणून शेवटचं प्रकरण त्याचं.

त्याच सबस्टेशनच्या मनोऱ्यावर चिनी मातीच्या बशांच्या माळा लटकतात. ४०० केव्हीला साधारण २३ बशा. प्रत्येक बशी एक कपॅसिटर. सगळ्या सारख्या, म्हणून व्होल्टेज सारखं वाटलं जाईल असं वाटतं. पण प्रत्येक बशीच्या जोडावरून मनोऱ्याच्या पोलादाकडेही हवेतून बारीक करंट पळतो. तीनच बशा घेतल्या आणि हवेचा कपॅसिटन्स बशीच्या दहाव्या हिश्श्याइतका धरला तर वरून खाली १, १.१ आणि १.३१ अशी वाटणी येते. तारेजवळची बशी सगळ्यात जास्त राबते. डिप्लोमाच्या पेपरात हे गणित हमखास येतं, आणि तारेजवळ ती गोल कडी कशासाठी लावतात ते बहुतेकांना तोंडपाठ असतं. समुद्राकाठच्या लाइनींवर मिठाचा थर दमट झाला की कपॅसिटर बाजूला राहतात आणि वाटणी थरातल्या गळतीने ठरते, हे मात्र पेपरात नसतं.

लांब लाइनींचं एक अजब असं की पलीकडच्या टोकाला पाठवल्यापेक्षा जास्त व्होल्टेज मिळू शकतं. १८९० च्या सुमारास लंडनजवळच्या डेप्टफर्डच्या १० हजार व्होल्टच्या केबलवर हे लक्षात आलं, आणि ते काम उभारणाऱ्या सेबास्टियन डी फेरांटी यांचं नाव या परिणामाला चिकटलं. लाइनीची कॉइलगिरी आणि तिचा जमिनीशी असलेला कपॅसिटन्स, दोघांची तीच वजाबाकी. ४०० किलोमीटरची लाइन टोकाला उघडी ठेवली तर ५० हर्ट्‌झला व्होल्टेज साडेनऊ टक्क्यांनी चढतं. चंद्रपूर-कोराडीची वीज पश्चिमेकडे आणणाऱ्या ४०० केव्ही लाइनींसारख्या लांब लाइनींवर रात्री लोड उतरला की व्होल्टेज आवरायला शंट रिअॅक्टर लागतात, ते यासाठीच.

पुस्तक वाचायला दहावीचं गणित आणि काटकोन त्रिकोण पुरतो. रेझिस्टरच्या वाटणीचं पहिलं प्रकरण ज्यांना येतं त्यांनी खुशाल सोडावं. पण सुरुवात हाताने करावी, आणि त्यासाठी भंगार पुरेल: एलईडी ट्यूब बसवताना काढलेला ३६-४० वॅटचा चोक, पंख्याचे २.५ मायक्रोफॅरडचे तीन कंडेन्सर, १२ व्होल्टचा एक ट्रान्सफॉर्मर. तीन कंडेन्सर पॅरलल, त्यांच्या सिरीजमध्ये चोक, आणि ती जोडी १२ व्होल्टवर. चोक साधारण १.४ हेन्रीचा आणि त्याचा एकूण रेझिस्टन्स ६० ओहम धरला तर कंडेन्सरवर ८० आणि चोकवर ८५ व्होल्ट यायला हवेत. १२ व्होल्ट म्हणून उघड्या जोडांना बोट लावायचं नाही. ८० व्होल्टचा दणका चांगलाच बसतो. जोड बदलण्याआधी सप्लाय बंद करावा आणि कंडेन्सर एका रेझिस्टरमधून रिकामा करून घ्यावा. मग एक कंडेन्सर काढून पाहावा: हिशेबाने कंडेन्सरवर ३८ आणि चोकवर २७ राहतात, फरक ११, सप्लायच्या १२ ला जवळपास भिडणारा. तुमच्या मीटरवर यापेक्षा बरेच वेगळे आकडे आले तर तुमच्या चोकचे हेन्री माझ्या अंदाजापेक्षा वेगळे आहेत. ते याच दोन मोजमापांवरून कसे काढायचे ते दुसऱ्या प्रकरणात आहे.